झिर्कोनियम-२.५ नायोबियम प्रेशर ट्यूब : सूक्ष्मरचनेवरून यील्ड सांगता येते, मग फ्रॅक्चर टफनेस का सांगता येत नाही?

झिरको_संशोधिका (पुणे)

नमस्कार. जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांतील झिर्कोनियम-२.५ नायोबियम (२.५ टक्के नायोबियम असलेल्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या) प्रेशर ट्यूबच्या, म्हणजे इंधन आणि गरम जड पाणी सामावणाऱ्या नळीच्या, सूक्ष्मरचनेचा तिच्या यांत्रिक गुणधर्मांशी संबंध लावणे हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. माझ्याकडे भट्टीत कधीही न बसवलेल्या नळ्यांचे तुकडे आहेत. त्यांपैकी काही नळ्या गरम एक्स्ट्रूजननंतर (तापलेला धातू साच्यातून रेटून नळी काढल्यावर) एकदाच थंड ओढलेल्या आहेत, तर काहींवर दोन टप्प्यांत पिल्गरिंग (रोलरखाली नळी बारीक करणे) होऊन मधल्या टप्प्यावर ५५० अंश सेल्सियसला अनीलिंग (तापवून मऊ करणे) झालेले आहे. दोन्ही प्रकारांत शेवटी ४०० अंशांना ऑटोक्लेव्हमध्ये ताणमुक्ती केलेली असून मुख्य मिश्रघटकांचे प्रमाण जवळपास सारखेच आहे.

अल्फा (झिर्कोनियमची मुख्य अवस्था) कणांची जाडी, एक्स-रेने मिळालेले टेक्श्चर (कणांचे स्फटिक कोणत्या दिशेकडे वळले आहेत) आणि एक्स-रे रेषारुंदीवरून काढलेली डिस्लोकेशन (स्फटिकातील रेषीय दोष) घनता या तीन राशींवरून खोलीच्या तापमानाची आणि ३०० अंशांची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा विकृत होऊ लागतो तो) मला समाधानकारक अचूकतेने सांगता येते. तीच मोजमापे फ्रॅक्चर टफनेसला (भेग वाढण्याला धातूचा होणारा विरोध) किंवा डिलेड हायड्राइड क्रॅकिंगच्या (हायड्राइडमुळे भेग टप्प्याटप्प्याने सरकण्याच्या) वेगाला लावली की मात्र संबंध पूर्ण विस्कटतो. यील्ड जवळजवळ समान असलेल्या दोन नळ्यांच्या टफनेसमध्ये मोठी तफावत येते आणि माझ्या कोणत्याही राशीत तिचे कारण दिसत नाही.

परिघीय दिशेतील यील्ड अक्षीय दिशेपेक्षा जास्त येते, याचे श्रेय केवळ टेक्श्चरला देणे योग्य आहे का? टफनेससाठी मी नेमके काय मोजत नाही आहे? आणि विकिरण न झालेल्या नळीवर लावलेला संबंध, नळी वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांच्या माऱ्यात राहिल्यानंतर कितपत टिकतो? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टेक्श्चर_अभ्यासक

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझे काम त्याच भागातले आहे.

झिर्कोनियमची अल्फा अवस्था षट्कोनी स्फटिकरचनेची असते आणि तिच्यातील स्लिपचा (अणूंचे थर एकमेकांवर घसरण्याचा) सोपा मार्ग म्हणजे प्रिझम प्रतलावर ए-दिशेने होणारी हालचाल. या हालचालीने स्फटिकाची सी-अक्षाच्या, म्हणजे षट्कोनाला लंब असलेल्या अक्षाच्या, दिशेतील लांबी बदलत नाही. सी-अक्षाच्या दिशेने खेचायचे झाले तर एक तर पिरॅमिडल प्रतलावरील सी-अधिक-ए स्लिप सुरू व्हावी लागते, जिला कितीतरी जास्त ताण लागतो, किंवा ट्विनिंग (स्फटिकाचा एक भाग आरशातील प्रतिमेसारखा वळणे) व्हावे लागते. एक्स्ट्रूजनमधून निघालेल्या प्रेशर ट्यूबमध्ये बेसल ध्रुवांचा (कणांच्या सी-अक्षांच्या दिशांचा) मोठा वाटा परिघीय दिशेकडे वळलेला असतो. कर्न्स गुणांकाच्या (त्या-त्या दिशेकडे वळलेल्या ध्रुवांचा वाटा सांगणाऱ्या आकड्याच्या) भाषेत सांगायचे तर परिघीय दिशेत ०.६ च्या आसपास, त्रिज्यीय दिशेत ०.३ च्या आसपास आणि अक्षीय दिशेत ०.१ हूनही कमी. म्हणजे परिघीय दिशेने खेचताना बहुतांश कण त्यांच्या कठीण दिशेत खेचले जातात, तर अक्षीय दिशेने खेचताना ते सोप्या स्लिपला अनुकूल असतात. शिवाय कणांची जाडी मायक्रॉनच्या काही दशांश इतकीच असल्यामुळे ट्विनिंगही दबून राहते. म्हणून दिशांमधील फरकाचे मुख्य श्रेय टेक्श्चरलाच आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

तरीही ‘केवळ टेक्श्चर’ म्हणू नये. थंड कामातून शिल्लक राहिलेला अंतर्गत ताण कणाकणांत सारखा नसतो. सी-अक्षाच्या दिशेतील प्रसरण गुणांक ए-दिशेपेक्षा वेगळा असल्याने ताणमुक्तीनंतर थंड होतानाही कणांमध्ये नवा ताण बसतो. ओढण्याच्या दिशेनेच पुन्हा खेचणे आणि तिच्या आडव्या दिशेने खेचणे यांत या अंतर्गत ताणाचा हिशेब वेगळा पडतो आणि यील्डच्या आकड्यात तो उतरतो.

आपल्या समीकरणाबद्दलही एक शंका आहे. हॉल-पेच पद (कण जितके बारीक तितकी ताकद जास्त, हे सांगणारे) आणि डिस्लोकेशनचे पद आपण सरळ बेरजेने जोडले आहे काय? घनता दर चौरस मीटरमागे ३ गुणिले १० चा १४ वा घात धरली, शिअर मॉड्युलस ३४ गिगापास्कल, बर्गर्स सदिश ०.३२३ नॅनोमीटर, टेलर समीकरणातील स्थिरांक ०.२५ आणि टेलर गुणक ३ घेतला, तर डिस्लोकेशनचा वाटा १४० मेगापास्कलच्या घरात येतो. इतक्या बारीक आणि लांबट कणांत डिस्लोकेशनची बरीच गर्दी कणसीमांलगतच असते. त्यामुळे कणसीमेचा वाटा वेगळा आणि डिस्लोकेशनचा वेगळा असे मांडताना तोच अडथळा दोनदा मोजला जाण्याची शक्यता मोठी असते. तीन राशी आणि मोजके नमुने असताना समीकरण जुळले, एवढ्यावरून त्यातील प्रत्येक पद भौतिकदृष्ट्या बरोबर आहे असे ठरत नाही. ए-प्रकारच्या आणि सी-घटक असलेल्या डिस्लोकेशनची घनता रेषारुंदीच्या विश्लेषणातून वेगवेगळी काढून पाहावी. पुढे विकिरणाच्या वेळी हा भेद कळीचा ठरतो.

नळी_निर्मिती

अनेक वर्षे झिर्कोनियम मिश्रधातूंच्या निर्मितीत घालवल्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण मोजलेल्या तिन्ही राशी सरासरी आहेत. यील्ड ही संपूर्ण आकारमानातील कणांनी मिळून दिलेली प्रतिक्रिया असल्याने तिला सरासरी पुरते. भेग मात्र सरासरी पाहत नाही. तिच्या टोकापुढच्या पट्ट्यात सर्वांत कमकुवत दुवे कोणते आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत की सुटे, यावर तिचा मार्ग ठरतो. टफनेससाठी आपल्याला ‘किती’ यापेक्षा ‘कसे मांडलेले’ आणि ‘कुठवर सलग’ हे मोजावे लागेल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण क्लोरीनचे आहे. झिर्कोनियम स्पंज क्रोल पद्धतीने, म्हणजे झिर्कोनियम टेट्राक्लोराइडचे मॅग्नेशियमने क्षपण करून तयार होतो. त्यामुळे धातूत काही पीपीएम (दशलक्ष भागांत काही भाग) क्लोरीन उरतो. तो कार्बनसह अतिसूक्ष्म कणांच्या रूपात राहतो आणि एक्स्ट्रूजनमध्ये हे कण अक्षीय दिशेने रांगेत ओढले जातात. नळीवर ताण आला की या रांगांवर धातू सुटतो आणि फ्रॅक्चर पृष्ठभागावर लांबच लांब फटी दिसतात. या फटी जितक्या लांब आणि जितक्या दाट, तितका टफनेस कमी. कॅनडातील संशोधकांच्या हे लक्षात आले, कारण आधी वितळवलेल्या भंगाराचा मोठा वाटा असलेल्या इंगॉटपासून (ओतलेल्या धातूच्या ठोकळ्यापासून) बनलेल्या काही नळ्या अनपेक्षितपणे अधिक चिवट निघत होत्या. निर्वातात जितक्या जास्त वेळा वितळवावे तितका क्लोरीन उडून जातो. यातूनच चार वेळा वितळवण्याची पद्धत रूढ झाली आणि क्लोरीन ०.५ पीपीएमच्याही खाली आणणे शक्य झाले. कण, टेक्श्चर, डिस्लोकेशन, यील्ड सारे तेच ठेवून टफनेस बदलणारा असा घटक आपल्या दोन नळ्यांमध्येही दडलेला असू शकतो. मुख्य मिश्रघटक सारखे असल्याचे आपण लिहिले आहे, पण या प्रश्नात ते पुरेसे नाही. इंगॉट किती वेळा वितळवले होते, क्लोरीन, फॉस्फरस आणि कार्बन किती आहे, याच्या नोंदी प्रथम मागवा. नोंदी नसतील तर तुटलेल्या नमुन्यांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहा आणि फटींची एकूण लांबी दर एकक क्षेत्रामागे मोजा. टेन्शन चाचणीच्या तुटीवरही ही मोजणी करता येते.

दुसरी गोष्ट बीटा अवस्थेची, म्हणजे अल्फाशिवायच्या नायोबियम-समृद्ध अवस्थेची. ८०० अंशांच्या आसपास एक्स्ट्रूजन झाल्यावर नळीत लांबट अल्फा कण आणि त्यांच्या सीमांवर पातळ पापुद्र्यासारखी बीटा-झिर्कोनियमची जाळी राहते, जिच्यात नायोबियम २० टक्क्यांच्या आसपास असतो. ही अवस्था अस्थिर असते. ४०० अंशांच्या ताणमुक्तीत तिचे विघटन सुरू होते, ओमेगा अवस्थेच्या वाटेने उरलेला बीटा नायोबियमने समृद्ध होत जातो आणि अखेरीस बीटा-नायोबियमचे सुटे कण उरतात. आपल्या ज्या नळ्यांना मधल्या टप्प्यावर ५५० अंशांचे अनीलिंग मिळाले आहे, त्यांच्यात हा पापुद्रा बराच तुटलेला असणार. एकदाच थंड ओढलेल्या नळ्यांत तो अधिक सलग असेल. बीटाचे आकारमानातील प्रमाण सांगून इथे काहीच कळत नाही, त्याची सलगता सांगावी लागते, आणि तीही तिन्ही दिशांत. ईबीएसडीला (इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून कण ओळखण्याच्या पद्धतीला) हा पापुद्रा सहसा दिसत नाही, कारण तो फार पातळ असतो. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला इथे पर्याय नाही.

नळीचे कोणते टोक आपल्याकडे आहे, हेही विचारून घ्या. एक्स्ट्रूजनमध्ये आधी बाहेर पडणारे टोक आणि शेवटी बाहेर पडणारे टोक यांचे तापमान सारखे नसते. शेवटच्या टोकाकडे कण अधिक बारीक होतात आणि टेक्श्चरही थोडे सरकते. दोन मार्गांतील फरक म्हणून आपण जो मांडत आहात, तो दोन टोकांतील फरक तर नाही ना, याची खात्री करावी.

हायड्राइड_वाचक (मुंबई)

वरील सलगतेचा मुद्दा मी हायड्राइड क्रॅकिंगकडे नेतो, कारण तिथे तो सर्वाधिक लागू पडतो.

भट्टीतील जड पाण्याशी होणाऱ्या क्षरणातून नळीत ड्युटेरियम शिरत राहते. (त्याचा अणुभार हायड्रोजनच्या दुप्पट असल्याने वजनी पीपीएमचे आकडे हायड्रोजन-समतुल्य करून घेतल्याशिवाय तुलना करू नये.) अल्फा झिर्कोनियममध्ये ३०० अंशांना साधारण ६० ते ७० पीपीएम हायड्रोजन विरघळलेला राहू शकतो, तर खोलीच्या तापमानाला १ पीपीएमसुद्धा नाही. म्हणजे भट्टी थंड होताना जवळपास सगळा हायड्रोजन हायड्राइडच्या (झिर्कोनियम आणि हायड्रोजनच्या संयुगाच्या) ठिसूळ पातळ चकत्यांच्या रूपात बाहेर पडतो. नव्या नळ्यांमधील सुरुवातीच्या हायड्रोजनची मर्यादा पूर्वीच्या २५ पीपीएमवरून ५ पीपीएमपर्यंत खाली आणली गेली, ती यामुळेच.

एखाद्या ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटला की विरघळलेला हायड्रोजन ताणाच्या उताराने तिकडे सरकतो, तिथे हायड्राइड वाढते, ठरावीक लांबीला तडकते, भेग तेवढी पुढे जाऊन थांबते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. भेगेचा वेग हायड्रोजन किती लवकर पोहोचतो यावर ठरतो. बीटा अवस्थेत हायड्रोजनचे विसरण अल्फापेक्षा पुष्कळ जलद असल्याने सलग बीटा पापुद्रा हा हायड्रोजनचा राजमार्ग बनतो. पापुद्रा तुटला की हायड्रोजनला मधल्या अल्फातून वाट काढावी लागते आणि वेग घटतो. त्यामुळे आपल्या दोन प्रकारच्या नळ्यांत हायड्राइड क्रॅकिंगचा वेग वेगळा येणे स्वाभाविक आहे आणि यील्डवरून तो कळण्याची अपेक्षाच ठेवू नये.

टेक्श्चरही इथे पुन्हा येते, पण उलट बाजूने. हायड्राइडच्या चकत्या बेसल प्रतलाच्या जवळपासच्या प्रतलांवर बसतात. बेसल ध्रुव परिघीय दिशेकडे असल्यामुळे परिघीय यील्ड वाढते खरी, पण त्याच मांडणीमुळे परिघीय ताणाखाली चकत्या त्रिज्यीय-अक्षीय प्रतलात वळणे सोपे होते, आणि अक्षीय भेगेला नेमके तेच प्रतल हवे असते. इंधनाच्या आवरणनळ्यांत पिल्गरिंगच्या वेळी भिंतीची जाडी व्यासापेक्षा जास्त प्रमाणात घटवून बेसल ध्रुव त्रिज्येकडे वळवतात, जेणेकरून चकत्या परिघाला समांतर बसाव्यात. एकाच सूक्ष्मरचनेने एक गुणधर्म सुधारावा आणि दुसरा बिघडावा, हे या धातूत नेहमीचेच आहे. म्हणून ‘चांगली सूक्ष्मरचना’ असा शब्दप्रयोग प्रबंधात करताना कोणत्या गुणधर्मासाठी आणि कोणत्या दिशेत, हे प्रत्येक वेळी लिहावे.

कॅनडातील पिकरिंग अणुवीज केंद्रातील दोन घटना मला इथे महत्त्वाच्या वाटतात. १९७४ साली तिथल्या तिसऱ्या भट्टीत झिर्कोनियम-२.५ नायोबियमच्या नळ्या टोकांच्या रोल्ड (आतून रोलरने दाबून बसवलेल्या) जोडांजवळ गळू लागल्या. धातू विनिर्देशात बसणारा होता, पण जोड करताना नळी मर्यादेपलीकडे रोल झाल्याने शिल्लक ताण फार वाढला होता आणि हायड्राइड क्रॅकिंगला तेवढे पुरले. दुसरी घटना १ ऑगस्ट १९८३ ची. दुसऱ्या भट्टीतील झिर्कलॉय-२ ची (कथील असलेल्या दुसऱ्या झिर्कोनियम मिश्रधातूची) नळी सुमारे २ मीटर लांबीवर फाटली. नळीला कॅलेंड्रिया ट्यूबपासून (तिच्याभोवतीच्या थंड नळीपासून) दूर ठेवणारी गार्टर स्प्रिंग जागेवरून सरकली होती, गरम नळी थंड नळीला टेकली, हायड्रोजन त्या थंड ठिकाणी गोळा होऊन हायड्राइडचे फोड तयार झाले आणि गळतीची आगाऊ सूचना न मिळताच नळी फुटली. उरलेल्या नळीची सरासरी सूक्ष्मरचना कितीही नीट मोजली असती तरी त्या फोडाबद्दल तिने काही सांगितले नसते. आपल्याकडेही राजस्थान, मद्रास, नरोरा आणि काक्रापारच्या पहिल्या भट्टीत मुळात झिर्कलॉय-२ च्याच नळ्या होत्या. काक्रापारच्या दुसऱ्या भट्टीपासून झिर्कोनियम-२.५ नायोबियम आले, आणि जुन्या भट्ट्यांतील नळ्याही पुढे टप्प्याटप्प्याने बदलल्या गेल्या. या बदलामागे हायड्रोजन कमी शोषला जाणे हे एक मोठे कारण होते.

झिरको_संशोधिका (पुणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इंगॉटच्या नोंदी मी मागवल्या आहेत आणि तुटलेले नमुने जपून ठेवलेले असल्याने फटींची मोजणी लगेच सुरू करता येईल. परिघीय दिशेतील टेन्शन चाचणीसाठी मी नळीतून कापलेली पट्टी सपाट करून घेतली होती. तिचा परिणाम कितपत गंभीर मानावा? तसेच हायड्राइड क्रॅकिंगची चाचणी मी खोलीच्या तापमानावरून थेट २५० अंशांपर्यंत तापवून केली आहे. ही पद्धत योग्य आहे ना?

टेक्श्चर_अभ्यासक

सपाटीकरणात पट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांवर उलटसुलट विकृती बसते. डिस्लोकेशन वाढतात आणि अंतर्गत ताणही बदलतो. परिघीय आणि अक्षीय यील्डमधील फरक हाच जर निष्कर्ष असेल, तर फक्त एकाच दिशेच्या नमुन्यावर हे जादा थंड काम होणे मान्य करता येणार नाही. नळीच्या कड्यावर रिंग टेन्शन चाचणी करावी किंवा भिंतीच्या जाडीतून लहान नमुने यंत्रण करून घ्यावेत. सपाट केलेल्या पट्टीची डिस्लोकेशन घनता मूळ नळीशी ताडून पाहिली, तर आधीचा विदा कितपत वापरण्याजोगा आहे हेही कळेल. टफनेससाठी नळीची वक्रता तशीच ठेवून कापलेले कॉम्पॅक्ट टेन्शन नमुने वापरणे हीच रूढ आणि योग्य पद्धत आहे.

हायड्राइड_वाचक (मुंबई)

तापवून थेट २५० अंशांवर जाणे टाळावे. हायड्राइड विरघळण्याचे आणि पुन्हा बाहेर पडण्याचे तापमान एकच नसते. त्यांच्यात मोठे अंतर असते. खालून वर गेल्यास द्रावणात हायड्रोजन कमी असतो आणि क्रॅकिंग मंद दिसते किंवा सुरूच होत नाही. नमुना आधी असलेले हायड्राइड विरघळेल इतका वर न्यावा, तिथे काही वेळ थांबावे आणि मग थंड करत चाचणीच्या तापमानावर यावे. हा तापमान-इतिहास सर्व नमुन्यांना तंतोतंत सारखा दिला नाही, तर दोन नळ्यांतील वेगाचा फरक सूक्ष्मरचनेमुळे आला की चाचणीमुळे, हे ठरवता येणार नाही.

विकिरण_निरीक्षक

तिसरा प्रश्न राहिला होता. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात अल्फा कणांत ए-प्रकारचे डिस्लोकेशन लूप (बंद वळशाच्या आकाराचे डिस्लोकेशन) फार लवकर दाट होतात आणि ताकदीतील वाढ नळीच्या आयुष्याच्या सुरुवातीच्या काळातच जवळपास स्थिरावते. यामुळे मूळ नळ्यांमधील डिस्लोकेशन घनतेचा फरक यील्डच्या दृष्टीने बराच पुसला जातो. स्लिप मोजक्या, लूप साफ झालेल्या पट्ट्यांत एकवटते आणि एकसमान लांबण कमी होते. टफनेसही याच काळात घसरतो, परंतु सर्व नळ्यांत सारखा नव्हे. कमी क्लोरीनच्या नळ्या विकिरणानंतरही लक्षणीय चिवट राहतात. म्हणजे आपल्याला आत्ता जुळणारा यील्डचा संबंध भट्टीत गेल्यावर बराच निरुपयोगी होईल, आणि आत्ता न जुळणारा टफनेसचा संबंध, योग्य राशी मोजली तर, पुढेही दिशा दाखवत राहील. माझ्या मते प्रबंधाचा भर यील्डवरून हलवण्याला हे एकच कारण पुरेसे आहे.

बीटाबाबत मात्र सावध राहावे. नुसत्या तापमानाने त्याचे विघटन पुढे जाते, तर विकिरण त्या विघटनाला आवर घालते आणि त्याच वेळी अल्फा कणांत नायोबियमचे अतिसूक्ष्म अवक्षेप तयार करते. त्यामुळे भट्टीबाहेर ओव्हनमध्ये एजिंग करून मिळालेली बीटाची स्थिती भट्टीतील स्थितीची प्रतिकृती मानता येत नाही. नळीच्या थंड प्रवेशटोकाकडे आणि गरम निर्गमटोकाकडेही हा तोल वेगवेगळा असतो.

विकिरणवाढ (ताणाशिवाय केवळ विकिरणाने आकार बदलणे) आणि क्रीप (ताणाखाली हळूहळू विकृत होत जाणे) यांच्याविषयी आपण विचारले नाही, पण टेक्श्चर मोजलेच आहे तर त्यांचाही विचार करावा. विकिरणात स्फटिक ए-दिशांत वाढतो आणि सी-दिशेत आकसतो, त्यामुळे परिघीय बेसल टेक्श्चर असलेली नळी लांबीला वाढते. तेच टेक्श्चर व्यासाची क्रीपने होणारी वाढ रोखायला मदत करते. व्यास वाढला की शीतक इंधनगुच्छाच्या बाजूने निसटू लागतो, म्हणून ही बाब प्रत्यक्ष भट्टी चालवणाऱ्यांना यील्डपेक्षा जास्त जाचते. पूर्ण पुनर्स्फटिकीकरण झालेल्या झिर्कलॉयमध्ये सी-घटकाचे लूप उशिरा येतात आणि ते आले की वाढीचा वेग अचानक चढतो. थंड काम केलेल्या आपल्या नळ्यांत सी-घटकाचे डिस्लोकेशन सुरुवातीपासूनच असल्याने वाढ पहिल्यापासून जवळपास एकसारखी चालू राहते. वर सुचवल्याप्रमाणे ए आणि सी घटक वेगळे मोजण्याचा आग्रह यासाठीच आहे. तेवढे एक मोजमाप आपल्या प्रबंधात नीट नोंदवलेले असेल, तर ट्रॉम्बेच्या हॉट सेलमध्ये (किरणोत्सारी नमुने हाताळण्याच्या बंदिस्त कक्षात) भट्टीतून काढलेल्या नळ्यांवर काम करणाऱ्यांनाही आपल्या आकड्यांशी थेट तुलना करता येईल. त्यासाठी नळीचे टोक, दिशा, भिंतीतील खोली आणि नमुन्याचा तापमान-इतिहास प्रत्येक आकड्यासोबत लिहून ठेवावा.